मास्तरांनी लिहिलेला एक जून

बेलापुरात आमच्या आळीच्या तोंडाशी बंद पडलेली एक पिठाची गिरणी आहे. तिच्या ओट्यावर उन्हाळ्यात साडेपाचला सावली येते, आणि सावलीच्या पाठोपाठ आम्ही येतो. आम्ही म्हणजे तिघंच. एक रिटायर झालेले गुरुजी. दुसरा माझा लहानपणापासूनचा मित्र, जो साखर कारखान्यात बॉयलरवर होता. आणि तिसरा मी. मी पंचायत समितीत क्लार्क म्हणून चिकटलो आणि हेडक्लार्क म्हणून सुटलो. क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. मित्रही मला भाऊसाहेबच म्हणायचा. एका चड्डीत वाढलेल्या माणसानं भाऊसाहेब म्हणावं म्हणजे त्यात किती आदर आणि किती टिंगल, हे तुम्हीच ओळखा.

ओट्यावर आम्ही काय बोलायचो? खाणं आणि फिरणं. दुसरं काय! दात गेले, गुडघे गेले, की माणूस याच दोन गोष्टींवर बोलतो. गुरुजींनी तरुणपणी एका लग्नात आमरसाच्या अकरा वाट्या रिचवल्या होत्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अकरा होत्या हो, आता सतरावर गेल्यात. मी म्हणायचो, "गुरुजी, दर उन्हाळ्याला एक वाटी वाढतीय, पुढच्या वर्षी पातेलं होईल." ते चिडायचे. चिडले की मला नाशिकच्या ट्रेनिंगवरून बोलायचे, कारण नाशिकचं ट्रेनिंग हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास आणि तो मी शंभर वेळा तरी सांगितलेला.

मित्राचा प्रवास वर्षातून एकदाच, तोही ठरलेला. बेलापूरहून श्रीरामपूर, तिथून नगर, नगरला गाडी बदलून तिसगाव, आणि तिसगावच्या अलीकडे आमचं मूळ गाव. हो, आमचं दोघांचंही. माझं तिकडं आता कुणी उरलेलं नाही, पण त्याची मोठी बहीण होती. आक्का. दरवर्षी अक्षय तृतीयेला तो तिच्याकडं जायचा आणि आठ दिवस राहून यायचा. परत आला की पंधरा दिवस आम्हाला दुसरं काही ऐकायला मिळायचं नाही. माणूस काशीला जाऊन आला तरी इतकं सांगणार नाही.

"करंजीचा घाट चढला ना भाऊसाहेब, की वारंच बदालतं. आपल्याकडं उसाचं वारं, ओलं. तिकडलं कोरडं खनखनीत. नाकात गेलं की मला कळतं, आक्का जवळ आली."

आणि मग खारोड्या. बाजरी भरडायची, तिखट-मीठ-लसूण-जिरं-तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि गच्चीवर बाजेवर जुनं लुगडं पसरून त्यावर बोटांनी लहान लहान गोळे घालत जायचं. दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात त्या खडखडीत वाळतात, मग वर्षभर तळा नाहीतर दाण्यांबरोबर नुसत्या खा. पण खऱ्या खवय्याला वाळलेल्या नकोत. त्याला हवा पातेल्यातला गरम घाटा, वर तेलाची धार. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाजेवरच्या अर्धवट वाळलेल्या, वरून कुरकुरीत आणि आतून मऊ. ही चीज पिशवीत घालून आणता येत नाही, पार्सल होत नाही. तिथंच जावं लागतं आणि बाजेजवळ उभं राहून खावी लागते.

"शाऐंशीची म्हातारी," मित्र सांगायचा, "सुनंला हात लावू देत न्हाई. म्हनती, माझा भाऊ येनार हाय, तुज्या हातचं मीठ त्याला चालत न्हाई."

आता या बहीणभावांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बैलगाडीत संसार टाकून निघायचे ते पाडव्याच्या आसपास परत. मागं गावात एक म्हातारी चुलती, आक्का आणि हा. आक्का याच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठी. यानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा आई कुठल्यातरी फडात होती, आक्का समोर होती. पुढं तिला दिलीही गावातच, त्यामुळे लग्न झालं तरी याचं जेवण तिच्याच चुलीवर. आई म्हणून त्यानं जिला हाक मारली ती बाई निराळी असेल, पण त्याची आई म्हणजे आक्काच. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शाळेत नाव घालायला त्याला आक्काच घेऊन आली होती. त्याच दिवशी माझ्या चुलत्यानं मलाही आणलं होतं. मी रांगेत त्याच्या मागं उभा. मास्तरांनी विचारलं, "जन्मतारीख?"

आक्का म्हणाली, "आखितीच्या दुसऱ्या दिशी, गुरं पान्यावर न्यायच्या टायमाला." आखिती म्हणजे अक्षय तृतीया.

मास्तर म्हणाले, "पोरी, तारीख सांग."

"तारीख मला काय ठावं? सुईनीला बोलवाय मीच पळाले हुते. आखितीच्या दुसऱ्या दिशी."

मास्तरांनी टाक उचलला आणि लिहिलं, एक जून. त्या काळी सगळे मास्तर तेच लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू, वय बसवायचं, मग घाला एक जून. आमच्या पिढीचं अर्धं खेडं एक जूनला जन्मलेलं आहे. पण आक्का काही मास्तरांना सोडीना. पंधरा-सोळा वर्षांची परकरी पोर ती, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जूनमधी न्हाई झाला त्यो! जूनमधी मी खुरपायला असते, घरी कुठं हुते मी?"

मास्तर हसले. म्हणाले, "अगं, कागदावर असंच असतं."

माझ्या पाळीला चुलत्याला मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही. माझाही एक जून. माझ्या बाजूनं भांडायला कुणी नव्हतं, कारण मी कधी झालो हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. माझा खरा दिवस मला आजही ठाऊक नाही. त्याला मात्र होता. दरवर्षी आखितीच्या दुसऱ्या दिवशी आक्का त्याला पाटावर बसवून ओवाळायची, घाटा वाढायची आणि म्हणायची, "आज झालास तू. त्या मास्तराच्या नादी लागू नगंस."

गंमत बघा, मी मात्र आयुष्यभर त्या मास्तरांच्याच नादी लागलो. कागद म्हणजे कागद. सर्व्हिस बुकात लिहिलंय ते खरं, बाकी सगळ्या वावड्या. मित्राला कागदाची भयंकर धास्ती. त्याचं रेशनकार्ड, कारखान्याच्या पेन्शनची फाईल, पोराच्या जातीचा दाखला, सगळं मीच हिंडून करून दिलं. त्यामुळे कागदाच्या बाबतीत मी म्हणेन ती पूर्व दिशा. भाऊसाहेब म्हणतोय ना, मग झालं. इतका विश्वास माझ्यावर माझ्या पोरांनीही ठेवलेला नाही.

आता यंदाचं.

गेल्या दिवाळीच्या आधी माझी बायको गेली. पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि जाताना तिनं मला दोन दिवससुद्धा दिले नाहीत. मुलगा पुण्याला. तो म्हणाला, चला. मी म्हणालो, मला तिथं कोण ओळखतं? घरात मी, एक फ्रीज आणि तिच्या लोणच्याच्या बरण्या. सकाळ कशीबशी जायची. दुपारी पंख्याकडं बघत पडायचं आणि साडेपाच वाजायची वाट पाहायची. ओट्यावर मित्र आलेला दिसला की छातीतला दगड हलायचा. खरं सांगतो, तो नसता तर मी त्या थंडीतच संपलो असतो. पण हे मी त्याला कधी म्हणालो नाही. कसं म्हणणार? आमच्या पिढीतला पुरुष "मला भूक लागलीय" एवढंच सरळ म्हणू शकतो.

चैत्र सरत आला, उन्हाचा तडाखा वाढला आणि एके संध्याकाळी तो ओट्यावर येऊन म्हणाला, "आक्काचा फोन आल्ता. बाजरी भरडून ठिवलीय म्हने. आखितीच्या आदल्या दिशी निघतो. तू बी चल की भाऊसाहेब. घरात बसून काय अंडी घालनार हायेस?"

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी मे संपेपर्यंत ऊन आणि धूळ चुकवायला सांगितली होती. मला जाता येणार नव्हतं. म्हणजे हा आठ दिवस तिकडं आणि मी इकडं. गुरुजी मे महिन्यात लेकीकडं जाणार होते. आठ संध्याकाळी. मी त्या मनात मोजल्या.

आणि मग माझी जीभ चालली. जित्याची खोड, दुसरं काय.

मी म्हणालो, "अरे मूर्खा, तुला पंच्याहत्तर कधी पूर्ण होतात?"

"आखितीच्या दुसऱ्या दिशी."

"ते आक्काच्या घरी. आधार कार्डावर काय आहे?"

मीच पुढं म्हणालो, "एक जून. माझंही एक जून, त्याच वर्षाचं. एक जूनपासून आपण दोघं अख्ख्या महाराष्ट्रात एसटीनं फुकट. महिनाभर थांबलास तर दोघं मिळून जाऊ, सरकारचे पाव्हणे होऊन. खिडकीत तू, शेजारी मी. माझा डोळाही बरा होईल. आत्ता या उन्हात जाऊन मरायचंय का?"

"पन भाऊसाहेब, खारोड्या... जूनमधी आभाळ येतं. वाळायच्या न्हाईत. आन माझा दिवस हाय तो."

"दिवस! तुझा दिवस एक जून. ज्याला कागद नाही त्याला काही नाही. आक्काला म्हणावं, कागद दाखव."

हे मी म्हणालो. जसंच्या तसं. गुरुजीसुद्धा म्हणाले, "अहो, जाऊ द्या ना त्याला, म्हातारी वाट बघत असेल." मी गुरुजींवरच घसरलो. म्हणालो, तुम्ही तुमच्या सतरा वाट्या सांभाळा. फुकट प्रवासाचं मला काय सोयरसुतक? पेन्शन आहे, तिकिटावाचून अडत नव्हतं दोघांचंही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी इतका ओरडत होतो.

मित्र बराच वेळ ओट्यावरची खपली नखानं काढत बसला. मग म्हणाला, "बरं. तू म्हनतोस तर तसं."

तिथंच त्यानं आक्काला फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून मोबाईल नेहमी मोठ्या आवाजावर, त्यामुळे सगळं आम्हालाही ऐकू आलं.

"आक्का, यंदा आखितीला न्हाई. एक जूनला येतो."

"एक जूनला काय हाय?"

"माझा वाढदिवस," तो हसत म्हणाला.

पलीकडून आक्काचा तो खणखणीत आवाज, वयाबरोबर थोडा चिरलेला. "त्या मास्तराचा मुडदा बशिवला! अजून हाय का त्यो?"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. हसताना मला बरंही वाटलं. जिंकलो होतो ना मी.

"आक्का, भाऊसाहेब बी येनार हाय संगं."

"येऊ दे की. त्याची मंडळी गेली म्हने. लई वाईट झालं." मग ती म्हणाली, "बरं, मी आत्ता घालीत न्हाई खारोड्या. तू आल्यावर घालू. ऊन आसंल तर वाळतील, न्हाईतर घाटाच खाऊ दोघं तिघं."

"घाल की तू. वाळलेल्या खाईन."

"वाळलेल्या तुला आवडत्यात व्हय रं?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मित्र ओट्यावर आला तेव्हा नेहमीपेक्षा लवकर आला होता. नवा सदरा घातलेला. मी म्हणालो, "काय नवरदेव?" तो म्हणाला, "काही न्हाई, सूनबाईनं काढून दिला." त्या दिवशी त्यानं गप्पांत फारसा भाग घेतला नाही. गुरुजींनी कैरीच्या पन्ह्याचा विषय काढला, मी आमच्या हिच्या पन्ह्याचा काढला, तो नुसता मान हलवत राहिला. सूर्य खाली गेला तसा म्हणाला, "आत्ता आक्का गुरांना पानी दाखवीत आसंल." मला कळलं. कळूनही मी विषय बदलला.

पण पुढचे तीन आठवडे, खरं सांगायचं तर, माझ्या आयुष्यातले बरे दिवस होते. गुरुजी लेकीकडं गेले आणि ओट्यावर आम्ही दोघंच. रोज आमचा प्रवास ठरायचा. सकाळची साडेसहाची गाडी की सातची, राहुरीला चहा घ्यायचा की नगरला, घाटात डावीकडची खिडकी की उजवीकडची. तो हळूहळू खुलला. मला म्हणाला, "तुला ठाऊक हाय का, आपन दोघं कधी एका गाडीत बसून गावाला गेलोच न्हाई. पन्नास वर्सं एकाच गावात ऱ्हातो." खरंच की! मलाही उत्साह आला. मी बाजारातून आक्कासाठी एक सुती नऊवारी आणली, हिरव्या काठाची. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदाच कुणासाठी काही विकत घेतलं होतं.

मे संपायला नऊ दिवस राहिले असताना मी साडेपाचला ओट्यावर गेलो, तर तो आला नाही. सहा वाजले, साडेसहा झाले. मनात म्हटलं, बेटा झोपला असेल. घराकडं गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तिसगावहून फोन आला. त्यांची बहीण गेली. दुपारी पोरगा गाडीवर घेऊन गेला त्यांना."

आक्का सकाळी कामं करून, भाकरी खाऊन, जरा आडवी होते म्हणाली होती, ती उठलीच नाही. आजार नाही, दुखणं नाही. हे मला नंतर कळलं. हेही नंतरच कळलं की उन्हाळ्याचे दिवस म्हणून लोक थांबले नाहीत. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही त्याला.

मग मी ओट्यावर एकटा बसलो. ज्या आठ संध्याकाळी चुकवायला मी एवढा आटापिटा केला होता, त्या आल्याच. आठ नव्हे, नऊ. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही खोटं नाही. रोज त्याला फोन करायचा म्हणून मोबाईल हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. काय बोलायचं होतं मला? त्यानंही केला नाही. एकदाच त्याच्या मुलाचा फोन आला, "काका, दहावा एक तारखेला आहे."

एक तारखेला. एक जूनला.

त्या दिवशी पहाटे उठलो, अंघोळ केली, नऊवारी पिशवीत घातली. मग बाहेर काढली. मेलेल्या माणसासाठी आणलेलं लुगडं कुणाला द्यायचं? पुन्हा आत घातली. श्रीरामपूरला गाडीत बसलो. कंडक्टर पोरगा चांगला होता, हसतमुख. त्यानं आधार कार्ड हातात घेतलं, तारीख पाहिली आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे वा बाबा! आजच पंच्याहत्तर पूर्ण! आजपासून फुकट. हॅपी बड्डे!" पुढच्या सीटवरचे दोघंतिघं मागं वळून हसले. शेजारची बाई म्हणाली, "वाढदिवसाचं देवदर्शन का बाबा?"

मी म्हणालो, "दहाव्याला चाललोय."

ती बिचारी ओशाळली. तिची काय चूक? मी खिडकीबाहेर तोंड केलं. नगरला गाडी बदलली. घाट चढताना वारं बदललं की नाही ते मला कळलं नाही, माझं नाक त्याच्यासारखं नाही. शेजारची जागा मोकळी होती. घाटाच्या माथ्यावर एकजण येऊन तिथं बसायला लागला, तर मी उगाचच त्याच्यावर खेकसलो, "दुसरीकडं जागा नाही का?"

पोचलो तोवर ओढ्याकाठचे विधी उरकून लोक घरी आले होते. मित्र ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. डोकं मुंडलेलं, दाढीमिशी काढलेली. इतका लहान दिसला तो मला, शाळेत नाव घालायला आला होता त्या दिवसासारखा. मला पाहून म्हणाला, "आलास? डोळा बरा हाय का?"

त्यानं माझा डोळा विचारला. मी शेजारी बसलो.

आक्काची सून चहा घेऊन आली. पन्नाशीची, डोळे सुजलेले. तिनं मित्रापुढं कप ठेवला आणि म्हणाली, "मामा, एक विचारायचं हुतं. ती भरडलेली बाजरी तशीच डब्यात हाय. दीड महिना झाला. तिला आता वास धरतोय. काय करू?"

मग ती माझ्याकडं वळून सांगू लागली, मी परका म्हणून असेल. "यंदा आत्याबाईंनी खारोड्या घातल्याच न्हाईत ओ. सगळ्या आळीनं घातल्या. मी रोज म्हनायची, ऊन चांगलं हाय, घालू का? तर म्हनायच्या, त्याला येऊ दे. त्यो वाळलेल्या खात न्हाई. ज्या दिवशी गेल्या त्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन बाज झटकून आल्या. म्हनल्या, आता नऊ दिवस ऱ्हायले."

ती आत गेली. मित्र चहाकडं बघत होता, चहावर साय आली तरी उचलला नाही. मग म्हणाला, "भाऊसाहेब, आता माझा बी एक जूनच. दुसरा दिवस ठाऊक असनारं मानूस ऱ्हायलं न्हाई."

माझ्याच्यानं राहवेना. आयुष्यात कधी रडलो नव्हतो असं नाही, पण कुणापुढं रडलो नव्हतो. ओसरीवर चार माणसं होती तरी मी रडलो. म्हणालो, "मी तुला अडवलं. तिकीटबिकीट सगळं खोटं होतं रे. डोळ्यामुळं मला येता येत नव्हतं आणि तू आठ दिवस गेला असतास. ही गेल्यापासून मला संध्याकाळ जात नाही. एकट्याला बसवत नाही त्या ओट्यावर. म्हणून तुला थांबवलं. म्हणून एक जून काढला मी."

तो चिडेल असं मला वाटलं. चिडला असता, उठून दोन कानाखाली दिल्या असत्या, तर मी त्या घेतल्या असत्या. पण त्यानं माझ्याकडं मान वळवली आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समजत नाही असं काहीतरी होतं. एखादा सोपा हिशेब चुकलेला दाखवल्यावर माणूस बघतो तसं तो बघत होता.

"मंग तसं म्हनायचं ना," तो म्हणाला. "पहाटं निघालो असतो, घाटा खाल्ला असता, आक्काच्या पाया पडलो असतो, आन सांजच्या गाडीनं तुज्यापाशी माघारी आलो असतो. एका दिसाचं तर काम हुतं रं."